माजी विद्यार्थ्यांची देणगी जूनच्या आधी पोहोचावी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

हर्णैला राहणारी माझी एक माजी विद्यार्थिनी गेल्या वर्षी दक्षिणेतील एका ख्रिस्ती विद्यापीठात पदवीच्या पहिल्या वर्षाला दाखल झाली. तिचे वडील मासेमारी नौकेवर खलाशी आहेत आणि आई बंदरावरच्या लिलावात घेतलेली मासळी दापोलीच्या बाजारात आणून विकते. तिची फी, वसतिगृह आणि खानावळ मिळून होणारा जवळपास निम्मा खर्च त्या विद्यापीठातून पूर्वी शिकून गेलेल्यांनी उभारलेल्या शिष्यवृत्तीतून भागला. त्या निमित्ताने जे जवळून पाहिले, त्यावरून कोकणातल्या आणि कोकणातून बाहेर जाऊन शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांपुढे एक विनंती ठेवावीशी वाटली, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. नौका वर ओढून शाकारलेल्या असतात, खलाशी घरी असतात आणि बहुतेक घरे सुक्या मासळीवर व उसनवारीवर चालतात. महाविद्यालयांचे प्रवेश, फीचा पहिला हप्ता, वसतिगृहाची अनामत आणि खानावळीचे आगाऊ पैसे हे सारे नेमके याच दोन महिन्यांत येते. शासनाच्या शिष्यवृत्त्यांचा अर्ज प्रवेश झाल्यावर भरायचा असतो, त्यामुळे प्रवेशाच्या दिवशी त्यांचा उपयोग नसतो. मी त्या मुलीच्या घरी गेले, तेव्हा तिची आई पडवीत बोंबील निवडत बसली होती. ती म्हणाली, "बाई, पैसे नाहीत असं नाही, पैसे आत्ता नाहीत. नारळी पौर्णिमेनंतर देते म्हटलं, तर कॉलेज थांबेल का?" मी तेहतीस वर्षे शिकवले, पण मुले बारावीनंतर का गळतात याचे इतके नेमके उत्तर मला कोणत्याही प्रशिक्षणवर्गात मिळाले नव्हते.

शिष्यवृत्तीचे पत्र मे महिन्याच्या अखेरीसच आले होते. बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात त्याची प्रत काढली, ती अजून माझ्याकडे आहे. एकच पान. त्यावर रक्कम, ती वसतिगृहाच्या खात्यात परस्पर जमा होईल अशी ओळ, सर्व विषयांत उत्तीर्ण होण्याची आणि हजेरीची अट, आणि तळाशी ही मदत अमुक वर्षाच्या तुकडीकडून आहे एवढा उल्लेख. कोणाचे नाव नाही, छायाचित्र नाही. मुलीचा धर्म कोणता हे अर्जात कुठेही विचारलेले नव्हते.

हे शेवटचे मुद्दाम लिहीत आहे, कारण विद्यापीठ ख्रिस्ती आहे म्हटल्यावर आमच्याकडे दोन-चार जणांनी काळजीने चौकशी केली. त्यांना मी एवढेच सांगितले, की हे नाते आपल्याला नवे नाही. स्कॉटलंडहून १८२९ साली आलेले मिशनरी जॉन विल्सन मराठी शिकण्यासाठी याच हर्णैत येऊन राहिले होते. त्यांनी १८३२ साली मुंबईत सुरू केलेल्या शाळेतूनच पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले. पांडुरंग वामन काणे १८९७ साली दापोलीच्या मिशन हायस्कुलातून मॅट्रिक झाले आणि विल्सन कॉलेजातून पदवीधर झाले. पुढे त्यांनी धर्मशास्त्रावर पाच खंडांचा ग्रंथ लिहिला आणि १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले. दोन्ही टप्प्यांवर मिशनच्या संस्थेत शिकलेल्या या चित्पावन मुलाचे संस्कृत कुठे उणे पडले नाही.

पण त्याच दापोलीतल्या मिशनच्या शाळेत पालगडचे साने गुरुजीही होते, आणि घरच्या ओढगस्तीमुळे त्यांना ती सोडून गरीब मुलांची सोय होते असे ऐकून औंधला जावे लागले. गुरुजी तिथे हाताने स्वयंपाक करून राहिले. ते गुरुजी होते, म्हणून त्यातूनही वर आले. दापोलीत त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय कोणी केली असती तर, हा विचार त्या शाळेवरून जाताना माझ्या मनात नेहमी येतो.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे, की देणगी केवळ फीसाठी देऊ नका, राहण्या-जेवण्यासाठी द्या, आणि ती कायम निधीत ठेवा. हिशेब अवघड नाही. एका तुकडीतल्या चाळीस जणांनी प्रत्येकी साडेबारा हजार दिले, तर पाच लाख होतात. सात टक्के व्याज धरले तर वर्षाला पस्तीस हजार मिळतात. त्यातले पाच हजार महागाईपोटी पुन्हा मुद्दलात घातले, तरी तीस हजारांत एका मुलाच्या खानावळीचा मोठा भाग भागतो, आणि पुढच्या वर्षी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. मात्र रक्कम कायम निधीसाठी आहे हे देणाऱ्याने संस्थेला लेखी कळवावे लागते, नाहीतर ती चालू खर्चात जाऊ शकते. नाना शंकरशेठ १८६५ साली वारले. त्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती सत्तेचाळीस वर्षांनी, १९१२ साली, आपल्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या, पुढे देशाचे अर्थमंत्री झालेल्या चिंतामणराव देशमुखांना मॅट्रिकला मिळाली. मुद्दल जपले की एवढे लांब पोहोचते.

दुबई-कुवेतला असलेल्या आपल्या मुलांचा एक गैरसमज मी वारंवार ऐकते, की परदेशातून संस्थेला पैसे पाठवणे कायद्यात अडकते. भारतीय पारपत्र असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकव्यवहाराने दिलेली देणगी परदेशी देणगी धरली जात नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेल्यांना मात्र परदेशी देणगीचे नियम लागू होतात, आणि मग संस्थेकडे त्याची नोंदणी असावी लागते. प्राप्तिकरातील सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, तेव्हा पैसे बँकेतूनच द्यावेत.

आपल्याकडे देण्याची सवय नाही, असे मला कोणी म्हणू नये. देवळाचा जीर्णोद्धार निघाला, की मुंबईच्या मंडळातले चाकरमानी पट्टी भरतात. शिमग्याला पालखीसमोर उभा राहिलेला माणूस खिसा चाचपत नाही. ज्या महाविद्यालयाने आपल्याला नोकरीला लावले, त्याची पट्टी मात्र कोणी काढलेली नसते, आणि न मागता कोण देणार? मागण्याचे हे काम माजी विद्यार्थी संघांनी करावे. स्नेहमेळाव्याच्या जेवणावर आणि मानचिन्हांवर होणारा खर्च पाहिला, की एका मुलाचे वर्ष त्यात निघाले असते असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आणखी एक गोष्ट मनाला लागलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या कार्यक्रमात माझ्या वर्गातल्या एका मुलाला व्यासपीठावर बोलावून त्याच्या हाती पुठ्ठ्याचा भलामोठा धनादेश दिला गेला, छायाचित्रे निघाली आणि निवेदकाने त्याच्या घरची परिस्थिती ध्वनिवर्धकावरून सांगितली. तो मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, तो शेवटच्या बाकावर जाऊन बसला. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात दानधर्माविषयी सांगितले आहे. ख्रिस्ती संस्थांनी तरी हे आपल्याकडच्या इतर सर्वांना करून दाखवावे, असे मला फार वाटते.

मी स्वतः मुंबईच्या एका मिशनरी महाविद्यालयात १९७७ साली पदवीधर झाले, तीही अशाच एका जुन्या विद्यार्थ्याने ठेवलेल्या निधीतून. त्यांचे नाव मी तेव्हा विचारले नाही, आणि आता विचारायचे कोणाला? आमच्या तुकडीतले तेवीस जण अजून संपर्कात आहेत. आम्ही मिळून निधीची रक्कम जमवली आहे आणि महाविद्यालयाला दिलेल्या पत्रात दोनच अटी घातल्या आहेत : व्याज खानावळीसाठी वापरावे आणि त्याचे पत्र मुलाच्या घरी ३१ मेच्या आत पोहोचावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, दापोली