बुडाला भोक न पाडणाऱ्या वस्तादांना

वस्ताद, सप्रेम नमस्कार.

नांदेडजवळच्या विष्णुपुरी जलाशयाच्या पाण्यावर चालणाऱ्या आमच्या जेट स्कीला तुम्ही बिल्ज पंप, म्हणजे तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप, बसवून दिलात. तुमचा हात विहिरीच्या आणि बोअरच्या मोटारींवर बसलेला, आणि नेमका तोच अनुभव इथं कामाला आला. तुम्ही काय केलंत आणि का केलंत, ते मनापासून आभार मानून इथं मांडतो, म्हणजे गोदावरीकाठी ज्या कुणाकडं अशी गाडी असेल त्यालाही ते उपयोगी पडेल.

बऱ्याच जेट स्कींना मूळचा सायफन असतो. मागच्या जेटमधून पाणी जोरात सुटलं की त्याच्या ओढीनं तळातलं पाणी बाहेर खेचलं जातं. पण इंजिन बंद तर सायफनही बंद. पाण्यातल्या माणसाला वर ओढून घेताना गाडी उभी असते, मागून दबलेली असते, आणि पाणी आत येण्याची वेळही तीच. म्हणून बॅटरीवर चालणारा वेगळा पंप हवा, हे तुम्ही पहिल्या पाच मिनिटांत ओळखलंत.

पंपासोबत आलेले स्क्रू मात्र तुम्ही बाजूला ठेवलेत. “लेकरांनो, बुडाला भोक पाडायचं नाही.” तळ आधी साबणानं धुतला, ॲसिटोननं पुसला, ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं खरवडला, पुन्हा ॲसिटोन मारलं आणि पंपाची बैठक पॉलियुरेथेन सीलंटवर चिकटवली. आम्हाला घाई होती. ट्यूबवर लिहिलेला वेळ संपेपर्यंत तुम्ही पंपाला हात लावू दिला नाही. तळाला इंजिनच्या तेलाचा नुसता हात जरी राहिला, तरी लाटांच्या आदळण्यानं बैठक सुटते आणि सुटलेला पंप शाफ्टवर, म्हणजे इंजिनपासून जेटकडं जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर, जाऊन पडतो. पूर्ण थ्रॉटलला तो शाफ्ट मिनिटाला ७-८ हजार फेरे घेतो. म्हणून जागा मागच्या बाजूला, सगळ्यात खोल, पण शाफ्टपासून दूर. आणि नळी दर वीतभर अंतरावर पट्टीनं बांधलेली.

पंप ५०० गॅलनचा, म्हणजे ताशी सुमारे १,९०० लिटरचा. हा आकडा हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, शून्य असतानाचा, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. तुम्ही एका वाक्यात सांगितलंत: विहीर खोल गेली की मोटार तीच, पाणी कमी. त्यासाठी नळी पाऊण इंची, आतून गुळगुळीत घेतलीत. आतून वळ्या असलेली नळी वाकते छान, पण पाणी अडवते.

फुटव्हॉल्व्हवरून, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या झडपेवरून, आपला वाद झाला, आठवतं? विहिरीला लागतो, मग इथं का नको, असं आमचं म्हणणं. हा पंप पाण्यातच बसलेला आहे, त्याला पाणी भरून द्यावं लागत नाही, हे तुमचं उत्तर. उलट व्हॉल्व्हमध्ये गवताची काडी अडकली की रस्ता बंद, आणि त्याच्याखाली हवा कोंडली की पंप नुसता घुमतो. पाणी उलटं येऊ नये म्हणून तुम्ही नळी सीटखाली जमेल तितकी उंच नेलीत, तिथं वळसा दिलात आणि मग खाली, पाणी बाहेर पडायच्या तोंडाला जोडलीत. तोंडसुद्धा पाण्याच्या रेषेच्या बरंच वर, माणसं बसलेली असताना खूण करून. जुन्या सायफनच्या नळीला टी (तीन तोंडांचा जोड) लावून पंप तिलाच जोडा, असं एका दुकानात सांगितलं होतं. तसं केलं असतं तर पंपानं ढकललेलं पाणी दुसऱ्या फाट्यानं पुन्हा तळातच आलं असतं.

तोंडासाठी भोक पाडताना आधी चिकटपट्टी लावून ड्रिल उलटं फिरवलंत, मग सुलटं. त्यामुळं वरच्या रंगाचा टवकाही उडाला नाही.

वायरिंगला हात लावण्याआधी सीट काढून पोटात साचलेली पेट्रोलची वाफ जाऊ दिलीत, बॅटरीची निगेटिव्ह सोडलीत. वायर कलई केलेल्या तांब्याची, कारण साधं तांबं ओलीत काळं पडतं. जोड दाबून, वर आतून गोंद असलेली आकसणारी नळी. फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत, लेबलावर लिहिलेला ३ अँपिअरचाच. १५ चा टाकला असता तर पंख्यात काडी अडकल्यावर फ्यूज टिकला असता आणि मोटार जळाली असती. पाणी चढलं की आपोआप चालू होणारा फ्लोट स्विच नको, हेही पटलं: लाटांवर तो उगीच चालू-बंद होतो. हँडलजवळ साधा वॉटरप्रूफ स्विच पुरला.

शेवटी जेट स्की ट्रेलरवर घेऊन तळात दोन बादल्या पाणी ओतलंत. पंप फिरला, पण धार लहान पोराच्या पिचकारीसारखी. तुम्ही काही न बोलता लाल-काळ्या वायरींची अदलाबदल केलीत आणि २० लिटरची बादली मिनिटाच्या आसपास भरली. उलटा फिरणारा पंपही थोडं पाणी फेकतो, त्यामुळं चूक कळतच नाही. ती कळण्यासाठीच तर बादली होती.

तुम्ही सांगितल्याप्रमाणं चाललंय. प्रत्येक फेरीनंतर जाळी काढून धुतो. पावसाळ्यात गाळ आणि जलपर्णीची मुळं निघतातच. ट्रेलरवर असताना मागची ड्रेन बुचं उघडी आणि पाण्यात उतरवण्याआधी घट्ट. उघडी राहिली तर हा पंप पुरा पडणार नाही, हे तुम्ही दोनदा बजावलंत. पंप कोरडा चालवत नाही. आणि इंजिनखाली तेल शोषणारं फडकं ठेवलंय. नांदेड ह्याच जलाशयाचं पाणी पितं, तळातलं तेल त्यात जाऊ द्यायचं नाही, हे तुम्ही निघता निघता सांगितलंत. ते फडकं दर रविवारी बदलतो.

आपली,
विष्णुपुरीच्या काठावरची पोरं