मेल पाठवणाऱ्यांनाही चार शब्द सुनवा

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीत ऑफिसचा मेलबॉक्स रोज रिकामा कसा करावा, यावर अर्धे पान खर्ची घातले आहे. फोल्डर करा, ठरावीक वेळीच मेल उघडा, नको ते लगेच डिलीट करा. सगळा उपदेश मेल येणाऱ्यालाच! पाठवणाऱ्यांबद्दल चकार शब्द नाही.

मी चाकणच्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. मार्चअखेरीला बिले, जीएसटीच्या तफावती, ऑडिटरच्या शंका असे सगळे एकाच मेलबॉक्समध्ये येऊन पडते. यंदा त्यातच एका साहेबांच्या बढतीचा मेल सगळ्या प्लँटला गेला आणि जो तो 'रिप्लाय ऑल' करून 'अभिनंदन सर' लिहीत सुटला. त्या ढिगाखाली भोसरीच्या एका छोट्या पुरवठादाराचा मेल गाडला गेला. बिल थकलेले, कामगारांचे पगार अडलेले. शेवटी ते स्वतःच गेटवर आले, त्याच मेलची छापील प्रत हातात घेऊन. साठीच्या पुढचा माणूस, भर दुपारी सिक्युरिटीच्या बाकावर ताटकळत बसला होता. बघवत नव्हते.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावेत, असा २००६ चा कायदा आहे. २०२४ पासून तर उशीर केला की पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची प्राप्तिकरात वजावट मिळत नाही. म्हणजे नुकसान कंपनीचेही.

सगळ्या प्लँटच्या ग्रुपवर कोणी मेल टाकायचा, यावर बंधन घालण्याची सोय आउटलुकमध्ये आहे. बिलांसाठी वेगळा पत्ता ठेवता येतो. आयटीवाल्यांना हे काही अवघड नाही. पण साहेबांना येणारी अभिनंदने थांबवा, असे म्हणणार कोण? आणि 'सीसी'मध्ये निम्मे ऑफिस घालतात ते कामासाठी नव्हे, उद्या काही बिनसले तर 'मी कळवले होते' म्हणता यावे म्हणून.

रात्री साडेदहाला मेल टाकायचा आणि लगेच व्हॉट्सॲपवर 'मेल बघितला का?' विचारायचे, हा तर उघड जाच आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसे खासगी विधेयक मांडले होते. त्यावर अर्धे पान द्या, आम्ही आवडीने वाचू.

– एक वाचक, चिंचवड