दहा टक्के नेमके कुठून कापायचे?

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या गटाने सिनेटरला द्यायचं निवेदन वाचलं. संरक्षण खर्चात दहा टक्के कपात करा आणि तो पैसा सोशल सिक्युरिटी (मुख्यतः निवृत्तिवेतन), मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांचा आरोग्यविमा) आणि मेडिकेड (गरिबांचा आरोग्यविमा) यांना द्या, एवढीच त्यात मागणी आहे. रोख मला मान्य आहे. पण निवेदन ज्या सहायकाच्या हातात पडेल तो लगेच विचारेल, कुठल्या खात्यातून आणि कुठल्या कायद्याने? त्याचं उत्तर तुमच्या दोन पानांत कुठेही नाही.

आधी आकडे नीट लाव. २०२४ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या संघ सरकारने सुमारे ६.८ ट्रिलियन डॉलर खर्च केले (ट्रिलियन म्हणजे हजार अब्ज). त्यात संरक्षण साधारण ८५० अब्ज, सोशल सिक्युरिटी साडेचौदाशे अब्जांच्या आसपास आणि कर्जावरचं निव्वळ व्याज ८८० अब्ज, म्हणजे संरक्षणापेक्षाही जास्त. तूट होती १,८०० अब्जांच्या वर. संरक्षणाचे दहा टक्के म्हणजे ८५ अब्ज, तुटीच्या पाच टक्केसुद्धा नाहीत. तेव्हा 'तूट भरून निघेल' हे वाक्य आजच खोडून टाक. विरोधकाला तेवढंच पुरतं.

दुसरी अडचण जास्त चिवट आहे. संरक्षणाचा पैसा 'डिस्क्रिशनरी' खात्यात बसतो, म्हणजे असा पैसा काँग्रेस (अमेरिकेची संसद) दर वर्षी बारा विनियोजन (खर्च-मंजुरीच्या) विधेयकांतून मंजूर करते. सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर, मेडिकेड ही 'मँडेटरी' खाती. कायद्याने ज्याचा हक्क ठरला त्याला पैसे मिळतात, वार्षिक मंजुरी लागत नाही. विनियोजन विधेयकात संरक्षणाची रक्कम कमी केली म्हणून ती मेडिकेडकडे वाहत जात नाही. बजेटच्या नियमांत ती बचत मँडेटरी खर्चाची भरपाई म्हणून मोजलीच जात नाही. सोशल सिक्युरिटीला तर स्वतःचा पगार-कर आहे, मालक आणि कर्मचारी मिळून १२.४ टक्के, आणि तोही ठरावीक पगारापर्यंतच. तिच्या निवृत्ती-निधीची शिल्लक २०३३ च्या सुमारास संपेल असा विश्वस्तांचा अंदाज आहे. तिथला इलाज म्हणजे त्या कराची पगार-मर्यादा उठवणं किंवा वाढवणं. विमानवाहू जहाज रद्द करून तो प्रश्न सुटत नाही.

मग संरक्षणातून वाचलेला पैसा थेट कुठे जाऊ शकतो? त्याच डिस्क्रिशनरी खात्यातल्या योजनांकडे. गरोदर बायका आणि लहान मुलांच्या पोषणाची विक योजना वर्षाला साधारण ७ अब्ज, शाळापूर्व मुलांचं हेड स्टार्ट १२ अब्जांच्या आसपास, थंडीत घर तापवायला मदत करणारी लिहीप ४ अब्ज. घरभाड्याच्या मदतीचं तर असं आहे की पात्र कुटुंबांपैकी साधारण चारातल्या एकालाच ती मिळते, कारण पैसे संपले की यादी थांबते. इथे ८५ अब्ज फार मोठी रक्कम ठरते. विनियोजन समिती एकूण रक्कम बारा उपसमित्यांत वाटते. तुमची मागणी त्या वाटपाच्या आधी पोचायला हवी, कारण वाटप झाल्यावर प्रत्येक उपसमिती फक्त आपल्या ताटातलंच इकडचं तिकडे करू शकते. संरक्षण आणि बिगर-संरक्षण अशा वेगळ्या कायदेशीर मर्यादा २०२४ आणि २०२५ या वर्षांपुरत्या होत्या. पुढच्या वर्षांसाठी ती भिंत नाही, हे निवेदनात लिहा.

मेडिकेडचं नाव ठेवायचंच असेल तर एक खरी वाट आहे. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने नेमकं तुमच्या मागणीच्या उलट केलं: संरक्षणाला सुमारे १५० अब्ज जादा दिले आणि मेडिकेड व अन्नमदतीत मोठी कपात केली. काँग्रेसच्या बजेट कार्यालयाच्या अंदाजाने त्या कायद्यामुळे २०३४ पर्यंत विमा नसलेल्यांत १ कोटींची भर पडेल. पण हे १५० अब्ज वार्षिक विनियोजनातून आलेले नाहीत. ते रिकन्सिलिएशनच्या (साध्या बहुमताने मँडेटरी खर्च आणि कर बदलणाऱ्या खास बजेट-विधेयकाच्या) मार्गाने आले आणि ३० सप्टेंबर २०२९ पर्यंत वापरता येतात. म्हणजे न वापरलेली शिल्लक परत घेण्याचा कायदा केला तर ती बचत मँडेटरी बाजूलाच मोजली जाईल आणि मेडिकेडला लावता येईल. जितका उशीर, तितकी शिल्लक कमी. तुमच्या निवेदनातली पहिली मागणी ही असायला हवी होती असं मला वाटतं.

मेडिकेडची कपात कशी होते हेही दोन ओळींत सांगा, कारण 'फक्त कामचुकारांना वगळतोय' हे उत्तर हमखास येणार. आर्कान्सामध्ये २०१८ साली दर महिन्याला ८० तास कामाची नोंद करायची अट घातली. काही महिन्यांत १८,००० हून अधिक लोकांचा मेडिकेडचा विमा गेला, आणि त्यांतले बरेच जण काम करत होते किंवा सवलतीला पात्र होते. नोंद जमली नाही म्हणून गेले. नव्या कायद्यातही ८० तासच आहेत.

आता कपात कशी करायची ते. 'सगळीकडून दहा टक्के' ही सगळ्यात वाईट पद्धत, आणि ती करून झालेली आहे. २०११ च्या बजेट नियंत्रण कायद्यामुळे १ मार्च २०१३ ला सरसकट कपात लागू झाली. सैनिकांचे पगार वगळलेले, त्यामुळे भार दुरुस्ती आणि सरावावर आला. हवाईदलाने अनेक लढाऊ स्क्वाड्रन उडवणंच थांबवलं, संरक्षण खात्याच्या सुमारे साडेसहा लाख नागरी कर्मचाऱ्यांना सहा दिवस बिनपगारी घरी बसावं लागलं. आणि त्याच कुऱ्हाडीखाली हेड स्टार्टमधल्या ५७,००० मुलांच्या जागा गेल्या. नंतर संरक्षणाने युद्धखर्चाच्या वेगळ्या खात्यातून मर्यादेबाहेर पैसा मिळवला. हेड स्टार्टला तशी खिडकी नव्हती.

असं का होतं? मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांत अंतर असतं. पगाराचा पैसा त्याच वर्षी जातो, देखभाल-सरावाचाही बहुतेक. शस्त्रखरेदीची मंजुरी तीन वर्षं चालते, जहाजबांधणीची पाच, आणि जहाजाच्या मंजुरीतला पहिल्या वर्षी जेमतेम थोडा भाग खर्च होतो. म्हणून याच वर्षी बचत दाखवा असं सांगितलं की खातं इंधन, सुटे भाग आणि सराव कापतं. खरी बचत पाच ते दहा वर्षांत दिसते.

संख्या कापण्याचाही सापळा आहे. संशोधनाचा खर्च आधीच झालेला असतो, तो कमी नगांवर वाटला की प्रत्येक नग महागतो. बी-२ बॉम्बर १३२ घ्यायचे होते, २१ झाले. झुमवॉल्ट विनाशिका ३२ ठरल्या होत्या, ३ बांधल्या. जहाजं इतकी कमी झाली की तिच्या तोफेचा खास गोळा नगाला सुमारे ८ लाख डॉलरवर गेला, शेवटी गोळाच रद्द झाला आणि तोफा बिनगोळ्याच्या राहिल्या. तेव्हा प्रकल्प थांबवायचा तर आराखड्याच्या टप्प्यावर थांबवा, नाहीतर पूर्ण करा. अर्ध्यावर कुरतडण्यात पैसाही जातो आणि शस्त्रही. सध्या या कसोटीला योग्य नाव सेंटिनेल या नव्या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राचं. २०२४ मध्ये त्याचा अंदाज ८१ टक्क्यांनी वाढून सुमारे १४१ अब्जांवर गेला. इतक्या वाढीनंतर कायद्याने प्रकल्प बंद व्हायचा, नाहीतर संरक्षण खात्याने तो अत्यावश्यक म्हणून प्रमाणित करायचा. खात्याने प्रमाणपत्र दिलं.

मोठी कपात हवी तर सैन्य लहान करावं लागतं, आणि त्याआधी त्याची कामं कमी करावी लागतात. हे तुमच्या निवेदनाने टाळलंय. बजेट कार्यालयाने २०२१ मध्ये दहा वर्षांत १ ट्रिलियन वाचवण्याचे तीन आराखडे मांडले, म्हणजे जवळजवळ १४ टक्के कपात. तिन्हींत सैन्यबळ घटतं. शीतयुद्धानंतरही तेच झालं: १९८७ मध्ये २१ लाखांहून अधिक असलेलं सक्रिय सैन्यबळ नव्वदीच्या अखेरीस १४ लाखांवर आलं. जी कामं सोडायला सांगता ती नावानिशी लिहा.

तळ बंद करणंही दिसतं तितकं सोपं नाही. २००५ च्या तळबंदीच्या फेरीचा खर्च २१ अब्ज धरला होता, तो ३५ वर गेला, कारण तिथे बंद करण्यापेक्षा हलवाहलवीच जास्त होती. त्यानंतर खात्याने अनेकदा नवी फेरी मागितली, काँग्रेसने दिली नाही. नौदलाने नऊ लिटोरल (किनाऱ्याजवळ लढणारी) जहाजं निवृत्त करू द्या म्हटलं तेव्हा २०२३ च्या कायद्याने चारच सोडू दिली. पुष्कळदा सैन्य सोडायला तयार असतं आणि मतदारसंघ अडवतो. म्हणून त्या सिनेटरच्या राज्यात कुठले कारखाने आणि तळ आहेत ते आधी पाहून जा, आणि तिथल्या कामगारांसाठी एक परिच्छेद ठेवा.

ऑडिटचा मुद्दा जपून वापर. पेंटॅगॉनचं पहिलं पूर्ण ऑडिट २०१८ चं, तेव्हापासून एकदाही ते पास झालेलं नाही. पण त्याचा अर्थ पैसा चोरीला गेला असा होत नाही. हिशोब आणि मालसाठा यांची खातरजमा करता येत नाही, एवढाच. 'ऑडिट पास होईपर्यंत वाढ नाही' ही मागणी टिकेल. 'हरवलेले पैसे परत आणा' टिकणार नाही.

अध्यक्षांचं बजेट कायद्याने फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी यायचं असतं, बहुतेकदा उशिरा येतं. विनियोजनाच्या विनंत्या सदस्यांकडे वसंतात गोळा होतात. त्याच्या आत पोचा, सप्टेंबरात गेलात तर फक्त चहा मिळेल.

तुझी,
आई

ता. क. जुलै २०२० मध्ये संरक्षणात दहा टक्के कपातीच्या दुरुस्ती-प्रस्तावावर मतदान झालं होतं: हाउसमध्ये ९३ विरुद्ध ३२४, सिनेटमध्ये २३ विरुद्ध ७७. तुमच्या सिनेटरने तेव्हा काय केलं होतं ते भेटीआधी काढून ठेव, आणि ते तेव्हा सभागृहात नव्हते असं निघालं तर तसं लिही.