टॉवेलच्या गावात छापायला टॉवेल मिळेना

संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. आपल्याकडे गावाकडचा सत्कार म्हटलं की टॉवेल-टोपी आणि नारळ आलंच, आणि आता लोकांना त्या टॉवेलवर नाव पण पाहिजे असतं, रिटायरमेंट असेल तर फोटो, लग्न असेल तर नवरा-नवरीचं नाव आणि तारीख. मी सोलापुरात चार वर्षं झाली हेच काम करते. डीटीजी प्रिंटर आहे माझ्याकडे, म्हणजे घरच्या इंकजेट प्रिंटरसारखंच पण कागदाऐवजी सरळ कापडावर शाई मारणारं मशीन. टीशर्टवर ते झक्कास चालतं. टॉवेलवर मात्र लय त्रास होतो आणि त्याबद्दल आज कळकळीनं लिहितेय.

मशीन घेतलं तेव्हा विकणाऱ्यांनी सांगितलं होतं की मॅडम कॉटन असलं की झालं, काहीही छापा. मी विश्वास ठेवला, पहिलीच मोठी ऑर्डर घेतली, लग्नाचे ६० टॉवेल, साधे लूपवाले. छापून निघाले तेव्हा इतके सुंदर दिसले की मी स्वतः फोटो काढून नातेवाईकांना पाठवले. पंधरा दिवसांनी नवरीची आई एक टॉवेल घेऊन आली, दोनदाच धुतलेला. नाव होतं पण अक्षरांच्या मधून पांढऱ्या रेघा निघालेल्या, आणि बोटाने लूप जरा बाजूला सारले की खाली सगळं कोरं. त्या बाई काही बोलल्या नाहीत, नुसता टॉवेल टेबलावर ठेवला. मी पैसे परत दिले पण तो टॉवेल मी अजून ठेवलाय.

होतं काय तर टेरी टॉवेलवर सुताचे छोटे छोटे फास, म्हणजेच लूप, उभे असतात, शाई फक्त त्यांच्या शेंड्यावर बसते, आणि धुतल्यावर फास फिरले की न छापलेली बाजू वर येते. त्यात मशीनचं शाई मारणारं हेड कापडापासून जेमतेम दोन-एक मिलिमीटरवर फिरत असतं, एखादा लूप वर आला की हेडला घासतो, शाई फासली जाते, आणि सुताची बारीक तुसं नोझलमध्ये, म्हणजे शाईच्या बारीक भोकांत, जाऊन बसली की आख्खा दिवस साफसफाईत जातो. रंगीत टॉवेल असेल तर आधी शाई धरून ठेवणारं प्री-ट्रीटमेंटचं पाणी मारायचं, मग खाली पांढऱ्या शाईचा थर द्यायचा, त्याने तेवढा भाग कडक होतो आणि पाणी पुसायचंच बंद होतो. शेवटी शाई पक्की करायला १६० डिग्रीच्या आसपास उष्णता लागते, तिथे हीट प्रेस दाबून ठेवली की लूप चपटे होऊन बसतात. (आणि आपल्याकडच्या मे महिन्यातली कोरडी हवा, त्यात नोझल सुकतात ते वेगळंच, मी खोलीत ओल्या चादरी टांगून ठेवते.)

पण याला उपाय आहे साहेब, आणि तो मशीनमध्ये नाही, टॉवेलमध्येच आहे. एका बाजूचे लूप वरून कापून मखमलीसारखे केलेले टॉवेल येतात, व्हेलूर म्हणतात, ते करायला शिअरिंग, म्हणजे लूप कातरायचं मशीन लागतं. त्या बाजूला शाई नीट बसते, बारीक अक्षर सुद्धा वाचता येतं, आणि मागची बाजू लूपचीच राहते त्यामुळे अंग पुसायचं काम होतंच. फक्त तो टॉवेल पांढरा पाहिजे, शंभर टक्के कॉटन पाहिजे, आणि शेवटच्या पाण्यात कापड मऊ करणारं सॉफ्टनर घातलेला नको, कारण सॉफ्टनर असला की शाई आत जातच नाही.

आता हा टॉवेल मला कुठून आणावा लागतो? बाहेरच्या राज्यातल्या डीलरकडून, पार्सलचा खर्च भरून. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला सोलापुरी टेरी टॉवेल ज्या गावात विणला जातो, जिथे पहाटे मागाचा खटखटाट ऐकून माणसं उठतात, तिथे बसून मी बाहेरचे टॉवेल छापतेय. याचं मला खरंच वाईट वाटतं. कारखान्यांत विचारत फिरले तर एकच उत्तर, अक्का तुझ्या पन्नास नगासाठी कोण वेगळा लॉट काढणार. त्यांचंही बरोबर आहे, सूत महाग, लाइट महाग. पण माझं म्हणणं आहे की माग थांबवायची गरजच नाहीये. जो पांढरा माल निघतोच आहे त्यातले थोडे डझन सॉफ्टनरच्या आधी बाजूला काढायचे, शिअरिंग करून घ्यायचं, आणि 'छपाईसाठी' असा शिक्का मारून सुटे विकायचे. चार पैसे जास्त घ्या, आम्ही देऊ. माझ्यासारखे छापणारे आता पुण्यात, कोल्हापुरात, नाशकात पण झालेत, प्रत्येकाला पंचवीस-पन्नासच लागतात पण सगळे मिळून ते कमी नाही होत.

ग्राहकांना पण एक विनंती. पाचशे नगांची ऑर्डर असेल तर छापायच्या भानगडीत पडू नका, जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, नाव विणूनच घ्या, ते टॉवेल फाटेपर्यंत जात नाही. थोडेच हवे असतील आणि नुसतं नाव असेल तर भरतकाम चांगलं. फोटो किंवा रंगीत डिझाइन असेल तरच डीटीजी, आणि तेव्हा आधी एक नग छापून घ्या, घरी नेऊन पाच वेळा धुवा, मग बाकीची ऑर्डर द्या. जो छापणारा याला नाही म्हणेल त्याच्याकडे देऊच नका.

मागच्या महिन्यात अक्कलकोट रोडच्या एका मागवाल्या काकांनी शेवटी ऐकलं, बारा टॉवेल शिअरिंग करून दिले, पैसे पण घेतले नाहीत. त्यातला एक मी छापून वीस वेळा धुतलाय, रंग थोडा उतरलाय पण अक्षर न् अक्षर जागेवर आहे. कुणा कारखानदाराला बघायचा असेल तर सांगा, मी तो आणि त्या लग्नातला जुना टॉवेल असे दोन्ही घेऊन त्यांच्या कारखान्यावर येते.

आपली,
एक टॉवेल छापणारी वाचक, सोलापूर