पासवर्ड चोरीला जातो कंपनीकडनं, बोलणी मात्र आम्हाला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पासवर्ड चोरीची बातमी आली की तिच्याखाली एक चौकट ठरलेली असते. पासवर्ड मोठा ठेवा, आकडे घाला, चिन्हं घाला, सारखा बदलत राहा. २०२५ च्या जूनमध्ये १६०० कोटी पासवर्ड फुटल्याची बातमी सगळीकडं झळकली तेव्हाही हेच छापून आलं. माझं म्हणणं असं की ज्याचं चोरीला गेलंय त्यालाच आपण शिकवत बसतोय, आणि ज्याच्या ताब्यातनं गेलं त्याला कुणी जाब विचारत नाही.

माझं सांगलीत मार्केट यार्डाजवळ ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. लोक प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार, पासबुक, सातबारा घेऊन येतात आणि त्यातच पासवर्डची चिठ्ठी असते, कधी सातबाऱ्याच्या मागच्या बाजूलाच पेनानं लिहिलेला असतो. परवा तासगावकडचे एक द्राक्षवाले काका आले, एक ऑनलाईन अर्ज भरायचा होता. मी विचारलं काका हाच पासवर्ड मेलला आणि बँकेला पण आहे का, तर म्हणाले, "मग काय, दुसरा कुठनं ध्यानात राहणार?" त्यांचं काय चुकलं सांगा. रेल्वे, पीएफ, विमा, पोराची स्कॉलरशिप, जो उठतो तो नवीन आयडी पासवर्ड मागतो, साठीच्या माणसानं किती पाठ करायचे?

आणि पासवर्ड मोठा असला की सुरक्षित हे अर्धंच खरं आहे. रॉकयू नावाच्या कंपनीकडनं २००९ ला ३ कोटी २० लाख पासवर्ड गेले, ते कंपनीनं जसेच्या तसे, कुणालाही वाचता येतील असे ठेवले होते, मग तुम्ही वीस अक्षरी ठेवा नाहीतर १२३४५६ ठेवा, चोराला दोन्ही सारखेच. खरं तर पासवर्ड असा साठवायचाच नसतो, त्याचा हॅश करून ठेवायचा असतो, म्हणजे त्यावर असं गणित करायचं की आलेल्या उत्तरावरनं उलटं मूळ पासवर्डाकडं जाता येत नाही, आणि त्याआधी प्रत्येकाच्या पासवर्डात वेगवेगळी अक्षरं मिसळायची (याला सॉल्ट म्हणतात) म्हणजे चोराला अंदाज लावत एकेक फोडत बसावं लागतं. नोकरी शोधायच्या लिंक्डइनसारख्या कंपनीनं हॅश केला होता पण सॉल्टचं इतकं साधं काम केलं नव्हतं, २०१२ ला चोरी झाली तेव्हा ६५ लाखांचा आकडा आला आणि चार वर्षांनी कळलं की ११ कोटी ७० लाख पासवर्ड बाजारात विकायला आलेत. याहूची चोरी २०१३ ची, लोकांना सांगितली २०१६ च्या डिसेंबरात, आधी म्हणाले १०० कोटी खाती, मग २०१७ ला म्हणाले ३०० कोटी, म्हणजे त्यांची झाडून सगळी! तीन वर्षं लोक तोच पासवर्ड वापरत होते, त्यांना कुणी सांगितलंच नाही.

चोर तोच ईमेल आणि तोच पासवर्ड मशीननं दुसऱ्या शेकडो ठिकाणी लावून बघतात, म्हणून चोरी लपवलेला प्रत्येक दिवस महाग पडतो.

आमच्याकडं हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीतल्या कोठारांत, हळद ठेवायचे. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं तेव्हा शेतकऱ्याला कुणी म्हणलं नाही की तू पोतं नीट शिवलं नव्हतंस.

त्या १६०० कोटींचं सांगायचं तर ते कुठल्या एका कंपनीतनं गेले नव्हते, बरेचसे लोकांच्या कॉम्प्युटरात शिरलेल्या चोर प्रोग्रामनी उचललेले होते आणि जुनेही त्यात परत मोजलेले होते. इथं आमच्या धंद्यातल्या लोकांनाही बोलायला पाहिजे. फुकटचं क्रॅक केलेलं फोटोचं सॉफ्टवेअर टाकायचं, त्याच कॉम्प्युटरवर गिऱ्हाईकाचं खातं उघडायचं, आणि ब्राउझरनं पासवर्ड सेव्ह करू का विचारलं की हो म्हणायचं, हे बंद व्हायला पाहिजे, वहीत सगळ्यांचे पासवर्ड उतरून ठेवणं तर लगेच. ओटीपी आहे की, असं लोक म्हणतात, पण व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिकेची किंवा गाडीच्या दंडाच्या चलनाची एपीके फाईल (म्हणजे ते ॲपच असतं) उघडून मोबाईलमध्ये टाकून घेतली आणि परवानगी दिली की ती मेसेजमधला ओटीपीही वाचू शकते.

आता कायद्याचं. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ ला झाला, नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला, त्यातही कंपन्यांना बऱ्याच गोष्टींसाठी दीड वर्षाची मुदत. सुरक्षा नीट ठेवली नाही तर २५० कोटींपर्यंत दंड आहे, चोरी झाल्याचं लोकांना कळवलं नाही तरी २०० कोटींपर्यंत आहे, हे चांगलंच झालं. पण तो दंड जाणार सरकारच्या तिजोरीत. आयटी कायद्यात नुकसानभरपाईचं ४३ अ कलम होतं तेच काढून टाकायची तरतूद या नव्या डेटा कायद्यात आहे. म्हणजे काकांचा पासवर्ड कंपनीकडनं गेला, खात्यातले पैसे गेले, तर दंड सरकारला आणि काकांनी १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन लावत बसायचं. हे मला अजिबात पटत नाही.

लोकांना मी दुकानात एकच सांगतो, बाकी काही जमलं नाही तरी मेलचा पासवर्ड सगळ्यांपेक्षा वेगळा ठेवा आणि घरच्या वहीत लिहा, कारण मेल हातात आला की बाकीचे बरेचसे पासवर्ड त्यावरनंच बदलता येतात.

तुमच्याकडं मागणं एवढंच की पुढच्या वेळी अशी बातमी आली की नुसता कोटींचा आकडा छापू नका. कुठल्या कंपनीचं गेलं, कधी गेलं, लोकांना किती दिवसांनी सांगितलं आणि मराठीत सांगितलं का हे छापा. आणि आपल्या जिल्ह्याच्या खासदारांना जरा विचारा की भरपाईचं कलम काढताना ते सभागृहात काय बोलले.

आपला,
एक वाचक, सांगली