समुद्राकडची खोली

प्रिय विनू,

परत आल्यापासून तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, आणि दिलंस तरी निम्मं मीच गिळून टाकीन. म्हणून हे पत्र. लांबलंय, पण सगळं वाच. मधूनच उठून वहिनींना वाचून दाखवू नकोस, शेवटी माझीच फजिती आहे.

रिसॉर्टच्या काउंटरवर तू माझ्या मागे होतास, त्यामुळे तुला सगळं दिसलं नसेल. त्या मुलीने माझं नाव शोधलं, स्क्रीनकडे जरा वेळ पाहत राहिली आणि चावीच्या पाकिटावर आधीच लिहून ठेवलेला नंबर पेनाने खोडला. शेजारी दुसरा लिहिला. "सर, तुम्हाला वरच्या मजल्यावर समुद्राकडची खोली देतेय. जादा काही भरायचं नाही." मी थँक्यू म्हणून बाजूला झालो. मग तू पुढे झालास, हातात तुझ्या टाइमशेअरची, म्हणजे दरवर्षी तिथे काही रात्री राहायच्या विकत घेतलेल्या हक्काची, ती निळी फाइल घेऊन. तिने तुझं घरी आल्यासारखं स्वागत केलं, 'ओनर'चा वेगळ्या रंगाचा पट्टा तुझ्या मनगटाला बांधला आणि तुला तळमजल्याची खोली दिली, जिच्या खिडकीसमोर लाँड्रीच्या ट्रॉल्या लावलेल्या होत्या. मला त्या क्षणी हसू आलं होतं. ते तुला दिसलं, हे मला लिफ्टमध्ये कळलं.

संध्याकाळी तुम्ही सगळे आमच्या गॅलरीत आलात. मुलं कठड्याला लटकली होती आणि तू पाण्याकडे बघत म्हणालास, "मालक मी, आणि गॅलरी तुझी." सगळे हसले. तू हसला नाहीस.

तुझं म्हणणं मी धुडकावत नाहीये. बारा वर्षांपूर्वी रक्कम एकदम मोजलीस. त्यानंतर दरवर्षी मेंटेनन्स भरतोस, गेलास तरी आणि नाही गेलास तरी. ज्या वर्षी काका आजारी होते त्या वर्षीसुद्धा भरलास. छत गळलं तेव्हा वेगळी वर्गणी निघाली, तीही दिलीस. आणि मी कोण? दोन रात्रींसाठी उगवलेला उपरा. इतकी वर्षं ज्याने दिवे चालू ठेवले त्याला लाँड्री आणि उपऱ्याला समुद्र, हे कुणालाही डाचेल.

पण विनू, एक गोष्ट मला आधी तुझ्या विरुद्ध बोलायचीय. तू विकत घेतलेत ते खालच्या वर्गाच्या खोलीचे पॉइंट, म्हणजे दरवर्षी खोली घेताना खर्चायचे गुण. समुद्राकडच्या खोलीला जास्त पॉइंट लागतात, हे तुझ्याच फाइलमधल्या तक्त्यात आहे. ज्या मेंबराने तेवढे पॉइंट घेतले त्याने तुझ्यापेक्षा जास्त पैसे ओतलेत आणि त्याचा मेंटेनन्सही बहुधा त्याच मापात जास्त आहे. उद्या साध्या खोलीचं बुकिंग करून सगळेच मेंबर वरची खोली फुकट मागू लागले आणि मिळवू लागले, तर त्या माणसाने जास्तीचे पॉइंट कशाला घेतले म्हणायचं? तो तुझ्यासारखाच मालक आहे. त्यामुळे अपग्रेड हा मालकाचा हक्क आहे, हे मला पटत नाही. जे घेतलंस तेच तुला मिळालं. (लाँड्रीच्या ट्रॉल्या कुठल्याच तक्त्यात नसतात, हे मान्य.)

पूर्वी हा प्रश्नच नव्हता, ही मला यातली मजेची गोष्ट वाटते. टाइमशेअरची ही कल्पना युरोपात निघाली. स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग ही संस्था १९६३ साली सुरू झाली, आणि त्याच दशकात फ्रेंच आल्प्समध्येही आठवड्याच्या हिशेबाने जागा विकायला लागले. पुढे जो साचा रूढ झाला तो सोपा होता: वर्षाचे ५२ आठवडे, त्यातला एखाद-दुसरा रंगरंगोटी-दुरुस्तीला राखायचा, बाकीचे विकायचे. मालकाच्या कागदावर आठवडा ठरलेला आणि खोलीचा नंबरही ठरलेला. काउंटरवर ठरवायला काही उरतच नसे. मग लोकांना दरवर्षी तीच खोली, तोच आठवडा नकोसा झाला. १९७४ मध्ये आरसीआय ही अदलाबदल करून देणारी कंपनी निघाली ती याचसाठी, माझा आठवडा तू घे आणि तुझा मला दे. पुढे तरंगते आठवडे आले, म्हणजे कुठला आठवडा ते दरवर्षी निवडायचं, मग पॉइंट आले. मालकाला मोकळीक मिळाली, पण त्या मोकळिकीबरोबर रोज सकाळी कुणाला कुठली खोली हे ठरवण्याचं काम काउंटरवरच्या माणसाकडे गेलं. तुझं नशीब करारातून निघालं आणि तिच्या पेनात जाऊन बसलं.

ते पेन कसं चालतं हे मी निघायच्या दिवशी तिलाच विचारलं. तू पोरांना घेऊन पोहायला गेला होतास. मी म्हटलं, "माझे मित्र तुमचे मेंबर आहेत, त्यांना का नाही दिलीत ही खोली?" ती आधी कसनुसं हसली, मग आजूबाजूला कुणी नाही असं पाहून म्हणाली, "सर, साध्या खोल्या एकाने जास्त बुक झाल्या होत्या. कुणाला तरी वर ढकलायचंच होतं. वरची खोली दोनच रात्री मोकळी होती आणि तुमच्या मित्रांच्या सात रात्री. तिसऱ्या दिवशी त्यांना सामान उचलून खाली यायला सांगितलं असतं, तर चाललं असतं का?"

नसतंच चाललं. तू रिसॉर्ट डोक्यावर घेतलं असतंस.

म्हणजे त्या क्षणापुरता बघितला तर तिचा निर्णय बरोबर होता, आणि तो माझ्या रोख पैशाकडे बघून झालेला नव्हता. मला हायसं वाटलं. तुला हे फोनवर सांगावं, विषय मिटेल, असंही वाटलं.

पण ते हायसं वाटणं फार टिकलं नाही, कारण आदल्या दिवशीचा एक फोन मी तुला सांगितलेला नव्हता. सकाळी खोलीतला फोन वाजला. फार गोड आवाज. खोली आवडली का, समुद्र दिसतोय ना, मग आज ९० मिनिटं काढाल का, आमच्या मेंबरशिपची थोडी माहिती देतो, येताना जोडीने या, छोटीशी भेटवस्तूही आहे. मी नको म्हटलं. तर तो म्हणाला, "सर, अशाच खोलीत दरवर्षी राहता येईल." अशाच खोलीत! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला मिळाली होती ती नमुन्याची बाटली.

आणि मग तुझी बारा वर्षांपूर्वीची हकिकत आठवली. पहिल्यांदा गेलात तेव्हा तुम्हालाही कोपऱ्यातली, दोन्हीकडून समुद्र दिसणारी खोली मिळाली होती. वहिनी अजून सांगतात त्या खोलीबद्दल. तिथे बसून तू सही केलीस. त्यानंतर ती खोली तुला किती वेळा मिळाली?

विमान कंपन्यांनी नेहमीच्या प्रवाशांचे लाड सुरू केले ते १९८१ च्या आसपास. अमेरिकन एअरलाइन्सची योजना त्याच वर्षीची. दोन वर्षांत मोठ्या हॉटेलांनी तोच कित्ता गिरवला. लोकांना वाटतं तो निष्ठेचा मान आहे. असेलही, पण हे लाड ज्याला उद्या दुसरीकडे जाता येतं त्याचे असतात. तुला जाता येत नाही. तू भरून बसलायस, तू येणारच. तुला वरची खोली देऊन त्यांना नवीन काय मिळणार? पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, तशातली गत.

तू म्हणाला होतास ना, हॉटेलच्या साखळीचं सोनेरी कार्डही तुझ्याकडे आहे, तेही चाललं नाही म्हणून? त्याचं कारण वेगळं आहे. आपण गेलो होतो ते रिसॉर्ट बाजूला ठेव, मोठी नावं बघ. मॅरियटचा टाइमशेअरचा धंदा २०११ मध्ये वेगळी कंपनी झाला, हिल्टनचा २०१७ मध्ये. दारावरची पाटी एकाची आणि आतला कारभार दुसऱ्याचा. पाटीवाल्याच्या कार्डावर आतल्याने किती उदार व्हायचं, हे त्यांच्या आपसातल्या करारावर असतं.

आता मला खरं खुपतंय ते सांगतो. मी ज्या खोलीत झोपलो ती त्या दोन रात्री कुणाची होती? तिचे न विकलेले पॉइंट बिल्डरकडे असतील आणि त्यांचा मेंटेनन्स तो स्वतः भरत असेल, तर त्याने ती मला द्यावी नाहीतर रिकामी ठेवावी, तुला-मला काही बोलता येणार नाही. पण ती एखाद्या मेंबराने सोडलेली असेल, मेंटेनन्स थकला म्हणून अडकवून ठेवलेली असेल, किंवा मेंबरांच्या सामायिक साठ्यातली असेल, तर तिच्या चादरी, तिची वीज, त्या गॅलरीचा ताजा रंग हे सगळं तुम्हा मेंबरांच्या पैशातून झालं. आणि तिचा उपयोग काय केला, तर मला गिऱ्हाईक बनवायला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! तक्रार करायचीच असेल तर इथे कर. मला समुद्र का आणि तुला का नाही, यात तुझा वेळ जाईल आणि ती बिचारी काउंटरवरची मुलगी बोलणी खाईल.

मेंबरांच्या सभेची नोटीस तुला येते आणि तू ती न वाचता फाइलमध्ये लावतोस, हे मी पाहिलंय. या वेळी जा, नाहीतर लेखी तरी विचार. वर्षात किती रात्री बाहेरच्यांना भाड्याने दिल्या, त्या कुणाच्या वाट्यातल्या, आणि ते भाडं मेंटेनन्सच्या खात्यात जमा झालं की विक्री विभागाकडे गेलं? दुसरं, त्या दिवशी मोकळ्या राहिलेल्या खोल्यांचा क्रम कागदावर लिहून मागा. आधी ज्या मेंबराला फरकाचे पॉइंट भरून वर जायचंय तो, मग बऱ्याच वर्षांत वर न गेलेला मेंबर, मग आमच्यासारखे. दोन रात्री आणि सात रात्रींची अडचण तरीही येईल, अधूनमधून मलाच गॅलरी मिळेल. पण तेव्हा तुला नियम माहीत असेल, आणि तू कठड्याला रेलून तसं काही बोलणार नाहीस.

आता फजिती. त्या संध्याकाळी तू विचारलंस, एका रात्रीचं काय पडलं? मी "बरंच पडलं रे" म्हणून विषय बदलला. खरं सांगायचं तर आदल्या आठवड्यात शेवटच्या क्षणीची सवलत दिसली म्हणून मी बुकिंग केलं होतं. तुझा वर्षाचा मेंटेनन्स सात रात्रींनी भागून जो आकडा येतो, त्याहून माझी रात्र स्वस्त पडली. तू सुरुवातीला मोजलेली रक्कम तर त्यात धरलेलीच नाही. मी हा हिशेब गॅलरीत बसून मोबाईलवर केला होता, तू यायच्या आधीच.

पावतीचा फोटो या पत्रासोबत जोडलाय. सभेत उपयोगी पडला तर दाखव, फक्त माझं नाव झाक. आणि वाचून झालं की फोन कर, शिव्या द्यायच्या असतील तरी कर.

तुझा,
दिग्या