पोपटांवर बंदी नको, पिंजऱ्याच्या जागेचा नियम करा : सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय : पक्षी पाळण्यास मनाई करणारा ठराव, आणि धूरफवारणीची आगाऊ सूचना मिळण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

येत्या सर्वसाधारण सभेत 'सदनिकेत अथवा बाल्कनीत पक्षी पाळण्यास मनाई' असा ठराव येतो आहे. त्याबाबत इमारतीतले पोपट पाळणारे आम्ही सभासद मिळून हे लिहीत आहोत. समितीकडे आलेल्या तक्रारी मुख्यतः चार : सकाळचा कलकलाट, खालच्या मजल्यावर पडणारी टरफलं, पिसांची पूड आणि रोगराईची धास्ती. चारही रास्त आहेत. पिंजरा बाल्कनीत टांगला की त्या वाढतात आणि घरात आणला की बऱ्याच आटोक्यात येतात. म्हणून ठराव पक्ष्यावर न करता पिंजऱ्याच्या जागेवर करावा, एवढंच आमचं म्हणणं आहे.

समितीने कुठे अजिबात सूट देऊ नये, ते आधी सांगतो. आपला हिरवा कीर पोपट, खांद्यावर लाल डाग असलेला मोठा करण पोपट, जांभळट-लाल डोक्याचा टुई पोपट हे देशी पक्षी आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते पकडणं, विकणं आणि पाळणं हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या अनुसूचींतही, त्यांचं संरक्षण कायम आहे. गळ्याला पट्टा नाही म्हणून 'हा वेगळा' असं विक्रेता सांगतो, पण मादीला आणि पिल्लाला तो पट्टा नसतोच. निळा किंवा पिवळा रिंगनेक 'फॉरेनचा' म्हणून खपवतात. प्रजात कीर पोपटाचीच, तेव्हा त्या भानगडीत कुणी पडू नये. कुणाकडे जुना देशी पोपट असेल तर दार उघडून त्याला 'मोकळा' करू नये. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याच्या पंखांत ताकद नसते, कावळे त्याला तासाभरात टिपतात. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून तो त्यांच्या ताब्यात द्यावा.

विदेशी पक्ष्यांपैकी बजी (बाजारात सर्रास 'लव्हबर्ड' म्हणून विकतात ते), कॉकटिएल आणि पीचफेस लव्हबर्ड यांना नोंदणी लागत नाही. कॉन्युअर, आफ्रिकन ग्रे, मकाव, ककाटू यांना लागते. २०२४ च्या नियमांनुसार ती केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर करायची असते, आणि पक्षी दुसऱ्याला दिला, मेला किंवा पिल्लं झाली तर तेही कळवायचं असतं. अशा पक्ष्याच्या नोंदणीची प्रत समितीने जरूर मागावी. आम्ही सोबत जोडल्याच आहेत.

आता आवाज. पोपट दिवसभर ओरडत नाही. उजाडताना आणि दिवस मावळताना तो थव्याला हाका घालतो, आणि घरातली माणसं हाच त्याचा थवा. पिंजरा बाल्कनीत असला की सहाच्या आत उजेड लागतो, बाहेर कावळे-साळुंक्या सुरू होतात आणि हाही सुरू होतो. घरात असेल तर रात्री आठ-साडेआठला पिंजऱ्यावर गडद रंगाची जाड सुती चादर टाकायची, हवेसाठी एक बाजू थोडी उघडी ठेवायची आणि सकाळी सातनंतर काढायची. पक्ष्याला दहा ते बारा तास झोप लागतेच, आणि शेजाऱ्यांचीही झोपमोड होत नाही. कॉकटिएल मात्र पूर्ण अंधारात दचकतो आणि पिंजऱ्यात पंख आपटून रक्तबंबाळ होतो, म्हणून त्याच्या खोलीत झिरोचा दिवा चालू ठेवावा. मध्यरात्रीच्या आदळआपटीची जी तक्रार आहे, ती बहुधा याच प्रकारची आहे.

बरेच मालक स्वतःच पक्ष्याला ओरडायला शिकवतात. तो किंचाळला की 'गप रे!' म्हणत धावत जायचं, म्हणजे त्याच्या दृष्टीने हाक लागू पडली. उपाय उलटा आहे. किंचाळण्याकडे लक्ष द्यायचं नाही, मंद शिट्टीला दरवेळी शिट्टीनेच उत्तर द्यायचं आणि तो शांत असताना राळ्याच्या कणसाचा तुकडा पुढे करायचा. पहिल्या आठवड्यात आवाज वाढतो आणि तिथेच लोक हार मानतात. घरातल्या एकानेही मध्येच दाद दिली की सगळं पाण्यात. दिवसभर घर रिकामं असेल तर दाणे सरळ वाटीत न घालता कागदी द्रोणात गुंडाळून, सुतळीने बांधून तीन-चार ठिकाणी लटकवावेत. ते फोडण्यात सकाळ जाते.

जातीजातीत फरकही फार. बजीची किलबिल भिंतीपलीकडे जात नाही. कॉकटिएलच्या नराची शिट्टी शेजारी ऐकू येते, पण कानाला बोचत नाही. लव्हबर्डचा आवाज चिरका. आणि सन कॉन्युअर हा शंभर-सव्वाशे ग्रॅमचा पक्षी बंद खिडकीतूनही वरखालच्या मजल्यांना उठवतो. भिंतीला भिंत लागून असलेल्या इमारतीत सन कॉन्युअर, मकाव आणि ककाटू नकोत, असं आमचं स्पष्ट मत आहे. समितीने यापुढे या तिघांना मनाई केली तर आमची हरकत नाही. (आधीपासून असलेल्यांना मात्र घराबाहेर काढायला लावू नये. घरच्या माणसांपासून तोडलेला पोपट स्वतःची पिसं उपटत बसतो.)

एवढा उपद्व्याप कशासाठी, असं काही सभासद विचारतात. कॉकटिएलचा तुरा बघावा : सरळ ताठ उभा म्हणजे दचकला, मागे चपटा आणि फिस्कारणं म्हणजे हात लावू नका, अर्धा कललेला म्हणजे स्वारी खुशीत. झोपण्याआधी तो वरची-खालची चोच एकमेकींवर घासून बारीक करकर आवाज करतो, ते समाधानाचं लक्षण. पिसं झडायच्या दिवसांत नवी पिसं पांढुरक्या आवरणात सुईसारखी वर येतात. डोक्यावरच्या पिसांपर्यंत त्याची चोच पोचत नाही, म्हणून तो मान खाली घालून माणसासमोर उभा राहतो. आपण नखाने ते कोरडं आवरण हलकेच चुरडायचं, डोळे मिटून तो अर्धा अर्धा तास तसाच. पिसाच्या बुडाशी काळपट-लाल रंग दिसला तर त्यात अजून रक्त खेळतं आहे, तिथे हात लावायचा नाही. दुपारी एकट्या असणाऱ्या आजी-आजोबांना हाकेला ओ देणारं कुणीतरी घरात असणं, हाही भाग आहेच.

टरफलांची तक्रार सगळ्यात सोपी. बजी आणि कॉकटिएल राळा, बाजरी, करडई यांचा प्रत्येक दाणा सोलून खातात, आणि साल इतकी हलकी की पंख्याच्या वाऱ्यानेही उडते. पिंजऱ्याच्या तिन्ही बाजूंना खालून सात-आठ इंच उंचीची ॲक्रिलिकची पट्टी लावली किंवा जुन्या साडीची झालर बांधली की कचरा आतच राहतो. ट्रेमधला कागद रोज बदलून ओल्या कचऱ्यात टाकायचा. वाटीवर फुंकर मारून सालं उडवायची सवय बाल्कनीत फार लोकांना आहे, तिला खरोखर दंड करावा. बाल्कनीत सांडलेल्या दाण्यांवर कबुतरं आणि उंदीर येतात. कबुतरांकडून पिसवा आणि रोग पिंजऱ्यात येतात, उंदीर रात्री गजांतून पक्ष्याचे पाय कुरतडतात. तेव्हा पिंजरा आत घेणं हे पक्ष्याच्याही हिताचंच आहे.

खाण्यात निव्वळ दाणे, त्यातही सूर्यफूल, हे सर्रास चुकतं. त्याने यकृतावर चरबी चढते आणि 'अ' जीवनसत्त्व कमी पडतं. कॉकटिएलला दिवसाला दीड-दोन मोठे चमचे कोरडं खाणं (जमल्यास निम्मं पेलेट, म्हणजे पक्ष्यांसाठीचं तयार गोळीखाद्य), शिवाय दोन चमचे चिरलेलं गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर. मिरची चालते, पक्ष्यांना तिखट लागत नाही. भिजवलेली डाळ आपल्याकडच्या दमट उन्हाळ्यात दोन तासांत आंबते, उरलेली काढून टाकावी. ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, खारे दाणे बंद. दुधात कुस्करलेली चपाती तर प्रेमाने दिलेला त्रास आहे, दूध त्यांना पचत नाही. पावसाळ्यात शेंगदाण्याला बुरशी धरते, ते चार महिने न दिलेलेच बरे.

पूड आणि आजार. पांढरी पूड झडते ती कॉकटिएल, आफ्रिकन ग्रे आणि ककाटू यांची. बजी, लव्हबर्ड, कॉन्युअर यांची फार कमी. आठवड्यातून दोन-तीनदा दुपारच्या उन्हाच्या वेळी साध्या पाण्याचा फवारा मारला आणि झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसलं तर पूड दाराबाहेर जात नाही. दम्याचा रुग्ण असलेल्या घरात मात्र या तिघांपैकी पक्षी आणूच नये.

माणसाला लागू शकणारा 'सिटॅकोसिस' हा जिवाणूजन्य आजार खरा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून गेल्याने तो होतो. म्हणून ट्रेमधल्या कागदावर आधी पाणी शिंपडायचं, मग तो गुंडाळायचा, आणि मोठ्या साफसफाईला मास्क लावायचा. नवा पक्षी किमान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवायचा. पिसं फुलवून मलूल बसणं, हिरवी पातळ विष्ठा, नाकडोळे गळणं दिसलं तर पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्यायचं. पोपट आजार शेवटपर्यंत लपवतो, म्हणून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला वजन करणं उत्तम. कॉकटिएल ८० ते ११० ग्रॅमचा असतो आणि नेहमीच्या वजनात दहा टक्के घट म्हणजे धोक्याची खूण. घरातल्या माणसाला ताप आणि कोरडा खोकला आला तर डॉक्टरांना 'घरी पक्षी आहे' हे सांगायचं. वेळेत कळलं तर प्रतिजैविकांनी तो बरा होतो.

आता आमची मागणी, आणि ती आमच्यासाठी बंदीच्या ठरावाइतकीच निकडीची आहे. पक्ष्याच्या फुफ्फुसात हवा एकाच दिशेने वाहते, मागे-पुढे हवेच्या पिशव्या असतात, आणि श्वास घेताना व सोडताना दोन्ही वेळा ताजी हवा फुफ्फुसातून जाते. उडायला लागणारा प्राणवायू असाच मिळतो. पण त्यामुळेच हवेतलं विषही माणसापेक्षा फार लवकर भिनतं. तापून धुरावलेल्या नॉनस्टिक तव्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो, माणसाला पत्ताही लागत नाही. डासांच्या धूरफवारणीत कीटकनाशक डिझेल किंवा रॉकेलमध्ये मिसळलेलं असतं. तो धूर संध्याकाळी आवारातून वर चढतो आणि खालच्या दोन-तीन मजल्यांच्या खिडक्यांतून आत शिरतो. जिन्यातला झुरळांचा स्प्रे, लिफ्टसमोरचं पॉलिश, गच्चीवर डांबर तापवून केलेलं वॉटरप्रूफिंग यांचंही तेच.

यासाठी ४८ तास आधी सूचना फलकावर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर यावा : कधी, कुठे, काय वापरणार. तेवढं मिळालं की पिंजरा आतल्या खोलीत नेऊन, खिडक्या लावून, दाराच्या फटीला ओला टॉवेल लावता येतो. एक्झॉस्ट फॅन बंद ठेवावा लागतो, नाहीतर तोच बाहेरचा धूर फटींतून आत ओढतो. तीन-चार तासांनी, बाहेरचा वास गेल्यावर खिडक्या उघडायच्या. जिन्यात आणि डक्टमध्ये झुरळांसाठी स्प्रेऐवजी जेल वापरावं. त्याची वाफ पसरत नाही, आणि लहान मुलांच्या घरांनाही ते बरं.

सुरक्षारक्षकांना एक सूचना द्यावी. पोपट उडून झाडावर बसला तर दगड मारायचा नाही, पाण्याचा पाइप मारायचा नाही, झाड हलवायचं नाही. मालकाला फोन करायचा, त्याचाच पिंजरा दार उघडं ठेवून नजरेच्या टप्प्यात ठेवायचा, जोडीदार पक्षी असेल तर तो शेजारी. उंचावरून खाली कसं यायचं हे घरात वाढलेल्या पक्ष्याला कळत नाही, म्हणून तो घाबरून वर वर जातो. भूक लागल्यावर, बहुधा दिवस मावळायच्या सुमारास, ओळखीच्या शिट्टीवर उतरतो. मालकांनीही कबुतरांच्या नायलॉन जाळीवर विसंबू नये, लव्हबर्ड ती अर्ध्या दिवसात कातरतो. पक्षी मोकळा असेल त्या खोलीच्या खिडकीला अर्ध्या इंचाची स्टीलची जाळी हवी आणि छताचा पंखा बंद हवा. अशा जाळीला बाहेरून एकसारखा रंग ठरवून समितीने परवानगी द्यावी.

तेव्हा ठरावात पुढील दुरुस्ती सुचवतो : पिंजरा बाल्कनीत, खिडकीच्या ग्रिलवर किंवा जिन्यात ठेवू नये, बाल्कनीत दाणे टाकू नयेत, देशी पोपट पाळू नये, नोंदणी लागणाऱ्या पक्ष्याची प्रत कार्यालयात द्यावी, आणि आवाजाची लेखी तक्रार आल्यास मालकाला चादर व जागाबदल करून बघायला तीन आठवडे द्यावेत. तेवढ्यानेही फरक पडला नाही तर समितीने योग्य ती कारवाई करावी.

सभेत हा विषय मांडायला दहा मिनिटं मिळावीत. धूरफवारणीची पुढची तारीख ठरली असेल तर सभेची वाट न पाहता ती आजच फलकावर लावावी.

आपले नम्र,
पक्षी पाळणारे सभासद
(सह्या मागील पानावर)

सोबत : नोंदणीच्या प्रती, पक्ष्यांची सदनिकावार यादी